घशातलं कडू

कामावर ग्राइंडरची ठिणगी महेंद्रच्या बुबुळाला लागली. शिरूरच्या डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली. म्हणाले, "थेंब नीट पडला की घशात कडू लागेल."

दौंडहून कामाला आलेला महेंद्र कारेगावात खोली घेऊन एकटाच राहायचा. दुपारी त्यानं खाटेवर उताणं पडून थेंब सोडला. डोळा चुरचुरला, पण घशात काहीच उतरलं नाही. भिंतीपलीकडच्या खोलीत मात्र कुणीतरी कडू लागल्यासारखं खाकरलं.

मग दर थेंबाला तसंच व्हायला लागलं.

"मावशी, शेजारी कोण राहायला आलंय?"

"कोण न्हाई बाबा," मालकीण दगडाबाई म्हणाल्या. "दिवाळीपासनं कुलूप हाय."

महेंद्र चरकला. पण त्या लांबलचक दुपारी त्याला दुसरं होतं तरी कोण? थेंब टाकून तो त्या खाकरण्याची वाट बघत पडायचा.

जखम भरली. डॉक्टरांनी औषध बंद केलं. त्या दुपारीही तो सवयीनं उताणा पडला, रिकाम्या हातानं. पलीकडे शांत होतं.

"बरा झालो बरं का मी," तो भिंतीला म्हणाला.

पलीकडून बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला.

आणि महेंद्रचा घसा हळूहळू कडू होत गेला.