दुसरी रजा

पाकीट सानिकाने कंपनीच्या पत्त्यावर मागवलं होतं, घरी नव्हे. शनिवारी दुपारी मिरजोळ्याच्या ऑफिसात ते तिच्या टेबलावर आलं. तिने ते जिन्यात जाऊन फोडलं आणि उभ्यानेच वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

त्यात दुसरी रजा नव्हती.

संध्याकाळच्या एसटीने ती संगमेश्वरला निघाली, तेव्हा पाकीट ओढणीखाली पोटाशी धरलेलं होतं. काय सांगायचं, हे गाव येईपर्यंत ठरलं नाही.

तिचे पणजोबा गंगाराम मांडवकर दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडले. गावाने आता शाळेजवळ त्यांच्या नावाची शिळा उभारली होती. सोमवारी तिच्यावरचा पडदा काढायचा होता. मुलगा म्हणून तो मान सानिकाच्या आजोबांचा, भिकाजींचा. पण पंधरवड्यामागे देवळातल्या बैठकीत दादू पड्यारने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बाप लढाईवर गेला कधी नि पोर झाला कधी, ते आधी कोणीतरी सांगा."

भिकाजी उठले, चपला घातल्या आणि घरी आले. एक्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. शाळेत पोरं त्यांना 'दिराचं पोर' म्हणायची. घरात विधवा आई येसूबाई आणि तिचा बिनलग्नाचा दीर रामा, गंगारामांचा जुळा भाऊ. लोकांना तेवढं पुरलं. बाराव्या वर्षी भिकाजींनी आईला एकदाच विचारलं. ती म्हणाली, "तू तुझ्या बापाचाच हायस. ह्याच्या पुढं विचारू नको." त्या दिवसापासून रामाकाकाशी त्यांचं बोलणं बंद झालं, ते काका मरेपर्यंत.

पलटणीच्या कचेरीला सानिकाने पत्र लिहिलं होतं, ते म्हणूनच. पणजोबा मध्ये कधीतरी दुसऱ्यांदा रजेवर आले असतील. एवढी एक तारीख हवी होती.

रविवारी सकाळी आजोबा खळ्यात बसून सुपाऱ्या सोलत होते.

"आला काय गो कागद?"

"आला."

"मग?"

"रजा होती, आजोबा. दुसरी." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात."

"तारीख?"

"नोव्हेंबरात. वीस की काहीतरी."

भिकाजींनी कोयती बाजूला ठेवली. "माझ्या आईने जन्मभर माझ्याशी एक शब्द खोटा बोललान नाही. तू कशाला बोलतेस? वाच. वरपासून खालपर्यंत वाच."

"आजोबा, नको ना."

"मला उद्या तिथे जायचं की नाही, ते मला ठरवूदे. वाच."

तिने कागद उलगडले. एकेक ओळ मराठीत सांगू लागली. नाव, गाव, तालुका. भरती, चार जानेवारी त्रेचाळीस. चार महिन्यांचं शिक्षण बेळगावला. लग्नासाठी रजा. नऊ मे रोजी लग्न, पत्नीचं नाव येसू. रजा संपली सत्तावीस मे. रजेवरून थेट मुंबईला नव्या तुकडीत हजर. तीन जुलैला बोट सुटली.

"परत कधी आला?"

"नाही आले."

"गेला कधी?"

"चौदा एप्रिल चव्वेचाळीस. इटलीत. गोळी लागून."

भिकाजींचा जन्म अकरा ऑगस्ट चव्वेचाळीसचा. शाळेच्या दाखल्यावर तसा होता, पंचायतीच्या वहीतही. बोट सुटल्यावर तेरा महिन्यांनी.

समोरच्या आडावर कोणीतरी कळशी आपटली. सानिकाला वाटलं, आता ते उठून आत जातील आणि उद्या संध्याकाळपर्यंत बाहेर येणार नाहीत.

"दादू बरोबर बोलला म्हणायचा," ते म्हणाले.

"असं नका म्हणू."

"मग काय म्हणू? झाला वाचून?"

"झालं. खाली नुसतं वर्णन आहे."

"वर्णन कसला?"

"भरतीच्या दिवशी लिहून घेतात ना, ते. उंची पाच फूट चार इंच. छाती बत्तीस. रंग सावळा." ती पटपट वाचत होती. कागद मिटायची घाई झाली होती तिला. "आणि ओळखीची खूण. पाठीवर डाव्या खांद्याच्या खवाट्याखाली भाजल्याचा जुना डाग, वितीएवढा, कोयतीसारखा वाकलेला."

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"हे कोणाच्या अंगावर बघून लिहिलानी?"

"पणजोबांच्या. गंगाराम मांडवकरांच्या. भरतीच्या दिवशी."

"रजेच्या आधी?"

"आधी. जानेवारीत. का हो?"

भिकाजींनी डावा हात मागे वळवला. म्हाताऱ्या बोटांनी ते आपल्याच पाठीवर, खवाट्याखाली काहीतरी चाचपत राहिले. तिथे काहीच नव्हतं. त्यांचा चेहरा बघून सानिका जवळ सरकली.

"रामाकाका गेला तेव्हा त्याला शेवटची आंघोळ मीच घातली," ते म्हणाले. "दुसरा कोण होता? पालथा केला नि पाणी ओतला. हितं होता तो डाग. असाच."

"पण मग बोटीने गेले ते..."

"बोटीने गेला तो रामा. रजा संपल्यावर भावाचा नाव लावून गेला." त्यांचा हात पाठीवरच राहिला होता. "माझा बाप घरातच होता, बाय. मी त्याच्याशी बोलत नव्हतो."