हरिणीची चाल

पडद्यावर बाईंच्या गाजलेल्या नाचातली जखमी हरिणी लंगडत गेली आणि टाळ्या थांबेनात. आज बॅले ग्रुपच्या संचालिका म्हणून बाईंचा सत्कार होता. "ही चाल मला जंगलात सुचली," बाई माइकवर म्हणाल्या.

मग मला, त्यांच्या पहिल्या शिष्येला, बाईंना शाल घालायला बोलावलं. काठी मी मुद्दाम खुर्चीपाशीच ठेवली.

ऐन प्रयोगात माझा घोटा मोडला, तेव्हा "पट्टी बांध आणि नाच" म्हणत याच बाईंनी मला रंगमंचावर परत ढकललं होतं. हाड वाकडं जुळलं, माझा नाच सुटला. वर्षभरात बाईंनी हरिणी बसवली, स्वतः नाचल्या आणि मोठ्या झाल्या.

मी घाई केली नाही. डावा पाय ओढत, दर पावलाला खांदा टाकत मधल्या वाटेने निघाले. मंचावर बसलेल्या म्हाताऱ्या तबलजींचा हात सवयीने तबल्यावर गेला. त्यांनी हरिणीचा ठेका धरला आणि तो माझ्या पावलांवर अचूक बसला. सगळे माझ्या पायाकडे बघत होते.

बाई हसायचं विसरल्या. शाल घालून मी माइकजवळ वाकले.

"माफ करा बाई, आज पट्टी बांधायची राहिली."