राउंडच्या वेळचा आकडा

"पहाटे पाचला रक्तदाब चौऱ्याऐंशी. सातला शहाऐंशी. आणि मी आत्ता पेशंटजवळ उभा होतो, तेव्हा स्क्रीनवर शंभर!" डॉक्टर उदयसिंहांनी तक्ता काउंटरवर आपटला. "सिस्टर, हा माणूस फक्त मला बघून बरा होतो का?"

स्वप्नालीने तक्ता सरळ केला. सलग तिसरा दिवस होता. हेच काउंटर, हाच तक्ता, हेच टोमणे. या तीन दिवसांत पेशंटजवळ डॉक्टर हसून बोलायचे आणि बाहेर आले की तिची हजेरी घ्यायचे.

पेशंट म्हणजे आकाराम, कोरेगावकडचे, फौजेतले रिटायर हवालदार. ऊस तोडताना पायाला कोयता लागला, तर हळद दाबून आठ दिवस घरात बसले. जखमेतलं विष रक्तात भिनलं, रक्तदाब कोसळला, तेव्हा कुठे त्यांना साताऱ्याला आयसीयूत आणलं. दाब धरून ठेवायला पंपातून औषध चालू होतं. मनगटाच्या धमनीत बारीक नळी होती. ती नळी पलंगाशेजारच्या स्टँडवर बांधलेल्या सेन्सरला जोडलेली, आणि सेन्सर दाखवील तो आकडा खरा.

खरा कसला! हा सेन्सर भलता नाजूक. तो बरोबर छातीच्या रेषेत लागतो. वीतभर खाली राहिला की आकडा पंधराने फुगतो, वर गेला की तेवढाच घसरतो. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तरी घोळ, नळी मुडपली तरी घोळ. स्वप्नालीने सगळं तपासलं होतं. नळी नवीन घातली, सेन्सर बदलला, त्याचं शून्य पुन्हा लावून घेतलं. रोज साडेआठला ती स्वतः सेन्सर छातीच्या रेषेत बांधायची. दंडाला पट्टा बांधूनही बघितलं, तिथेही दाब कमीच आला. डॉक्टर म्हणाले, इतक्या कमी दाबाला पट्ट्याचा भरवसा नसतो. म्हणजे पट्टा खोटा, तक्ता खोटा, सिस्टर खोटी. खरे काय ते यांचे नऊच्या राउंडचे शंभर!

"औषध अजून कमी करा," डॉक्टर म्हणाले.

"सर, लघवी थांबत आलीय त्यांची. किडन्या जातील. एकदा दुपारी येऊन बघा ना."

"दुपारी ओपीडी तुम्ही बघणार का?"

झालं. तिने पंप कमी केला. संध्याकाळपर्यंत आकाराम बोलायचे बंद झाले. पिशवीत चमचाभर लघवी नव्हती. ड्यूटी संपवून घरी जाताना स्वप्नालीला रडू आलं ते दुःखाने नव्हे, संतापाने. माणूस डोळ्यांदेखत चालला होता आणि कारण हाताला लागत नव्हतं.

चौथ्या दिवशी तिने राउंड रेश्मा सिस्टरच्या गळ्यात घातला. साडेआठला सेन्सर बांधला, आकडा बघितला, ब्याऐंशी. मग ती शेजारच्या रिकाम्या खाटेच्या पडद्याआड जाऊन उभी राहिली. आकारामांची बायको राहीबाई चहाचा कप घेऊन नवऱ्याजवळ बसली होती.

नऊला दारातून डॉक्टरांचा आवाज आला. सकाळपासून निपचित पडलेल्या आकारामांनी डोळे उघडले आणि बोट हलवलं. राहीबाईने कप खाली ठेवला. ती पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि वाकून हँडल फिरवू लागली. डोक्याकडची बाजू उचलली गेली, तिच्याबरोबर आकारामांची छातीही वर गेली. स्टँडवरचा सेन्सर होता तिथेच राहिला. ब्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. त्र्याण्णव. सत्त्याण्णव. राहीबाईने स्क्रीनकडे बघितलं आणि हँडल सोडून पुन्हा कप हातात घेतला.

स्वप्नालीच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि खरं सांगायचं तर निम्मा राग स्वतःवरच होता. तीन दिवस तिने हा वर केलेला पलंग डोळ्यांनी बघितला होता. चहा पाजायला केला असेल असं तिला वाटलं होतं.

डॉक्टर आले. स्क्रीन बघून त्यांचा चेहरा खुलला. "वा, हवालदार!"

"थांबा सर," ती पडद्याआडून बाहेर आली. काही न समजावता तिने हँडल उलटं फिरवलं. पलंग सपाट झाला. स्क्रीनवर पुन्हा ब्याऐंशी.

डॉक्टरांनी आकडा बघितला. मग त्यांनी सेन्सरकडे बघितलं, पंपाकडे बघितलं. तीन दिवस आपण या माणसाचं औषध तोडत आलो, हे त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. "वाढवा," ते म्हणाले. "लगेच. आणलं त्या दिवशी होतं तेवढं."

पंप वाढला, मग त्यांचा राग उसळला. तो नेहमीसारखा दुसऱ्यावरच निघाला. "हवालदार, मी काय तुमचा कर्नल आहे? साहेब आला म्हणून आडवं पडायचं नाही? अहो, सलामीपायी जीव गेला असता तुमचा!"

आकारामांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांच्यात बोलायचं बळ नव्हतं. राहीबाईने पदर सावरला.

"सलामी न्हवं सायेब. ह्यास्नी हितं आनलं त्या दिशी आकडा खाली दिसला, तवा हितंच समद्यांम्होरं तुमी ह्या पोरीला लय बोलला. मग च्या पिताना ह्यांनी बगितलं, पलंग वर केला की आकडा वर जातुय. मला म्हनले, सायेब यायच्या टायमाला वर करत जा, गेलं की खाली घे, आपल्यापायी लेकीला बोलनी नगंत."