कोरी एमसीबी

प्रसेनजीतने कारखान्याच्या विजेच्या पॅनेलमधली चाळीस अँपिअरची एमसीबी काढून खिशात टाकली आणि तिच्या जागी नवी सोळाची बसवली. तासाभरात विजेचे इन्स्पेक्टर येणार होते. मालक विजयसिंह शेजारीच उभे होते.

मूळची सोळाचीच होती. ग्राइंडरवर जरा भार आला की ती पडायची, वीज तुटायची आणि काम थांबायचं. वायर जुनी झालीय, बदलू या, असं प्रसेनजीतने तीनदा सांगून पाहिलं. शिरोलीतल्या कुठल्या मालकाला दोन दिवसांचा खाडा परवडतो? मोठी टाक, विजयसिंह म्हणाले. नोकरीला जपणाऱ्या प्रसेनजीतने मुकाट्याने टाकली. मग एमसीबी पडायची थांबली. काल वायर पेटली तेव्हाही ती पडली नाही. ग्राइंडरवरच्या ज्ञानूचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

विजयसिंह पॅनेल निरखत होते. खंडेनवमीला ओळीतल्या एकूणएक एमसीबीला कुंकू लागलं होतं. आता बसवलेली तेवढी कोरी, लगेच नजरेत भरणारी. त्यांनी ऑफिसातून कुंकवाचा करंडा मागवला.

"बाकीच्यांवानी हिलाबी बोट लाव."

ती बोटं ज्ञानूची होती. दरवर्षी कुंकू तोच लावायचा. प्रसेनजीतच्या घरी बुद्धवंदना, त्यामुळे तो पूजेला बाजूला उभा राहायचा. तुझ्या वाटणीचंबी मीच लावतो, असं ज्ञानू हसत म्हणायचा. आता त्याच बोटांना दवाखान्यात पट्ट्या बांधल्या होत्या. प्रसेनजीतला स्वतःचीच शिसारी आली. त्याने करंडा घेतला, पण उघडला नाही.

इन्स्पेक्टर आले. त्यांनी बॅटरी मारून जळकी वायर पाहिली, मग एमसीबींची ओळ पाहिली. सोळाची असताना वायर इतकी जळेलच कशी, असं त्यांनी विचारलं. विजयसिंह काहीतरी मोघम बोलू लागले.

प्रसेनजीतने खिशातली एमसीबी पुढे केली.

"ही होती, साहेब. कुंकू हिच्यावर हाय बघा. ज्ञानूनं लावलेलं."

"बसवली कुणी?"

"मी."

मालकांनी सांगितलं म्हणून, हे त्याच्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात विजयसिंहांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लिवा, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "आपल्या तोंडानं कबूल केलंय गड्यानं. मी तीनदा सांगितलंतं त्याला, वायर बदल म्हणून."