टोटल जुळली

"लाल झाली राव! टेस्ट लाल झाली!" गोरख खुर्चीतनं उठलाच. आळे गावच्या दूध डेअरीतल्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम त्यानंच लिहिलेला. प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टबी त्याच्याच. वर्षभर सगळ्या हिरव्या, म्हंजे पास. आज पहिल्यांदा लाल.

झालं व्हतं असं. डेअरीत संध्याकाळी टोटल जुळवतात, जुळली की कुलूप लावून घरी. गोरखनंबी तेच केलं. एक छोटा हेल्पर, म्हंजे तपासणीचा तुकडा, लिहिला. रांगेतल्या सगळ्यांच्या दुधातल्या फॅटची टोटल जुळली का बघायची, जुळली की पास. मग प्रत्येक टेस्टमदी तोच चिकटवला. लई खूश व्हता पठ्ठ्या!

आन् गेल्या आठवड्यात फॅट मोजायचं नवं मशीन जोडलं, तवापास्नं शेजारच्या आरतीवहिनीचं फॅट कमी पडायला लागलं. फॅट पडलं म्हंजे दुधात पाणी. किटल्यांची रांग ठरलेली. गोरखची आई सुंदराबाई, तिच्या मागं आरतीवहिनी, मग गेणभाऊ. वहिनी रडकुंडीला आली, "म्या थेंबबी घातला न्हाई वो." तर तिची सासू चिमाबाई भर रांगेत म्हणली, "गप बस. मशीन आपल्या गोरखचं हाय. ते खोटं बोलंल व्हय?"

परवा चिमाबाईनं वहिनीला डिंभ्याच्या एसटीत बसवून दिली. माहेरी. गोरख तिथंच उभा व्हता. टेस्ट हिरव्या व्हत्या ना, म्हणून गप्प ऱ्हायला.

वहिनीच्या जागी किटली घेऊन येणारी चिमाबाई आज सकाळी शरमेनं आलीच न्हाई. तर पाणी निघालं गेणभाऊच्या दुधात! वासराचं पोट भरल्याबिगर किटली न भरणारा गेणभाऊ! गोरख तडक कॉम्प्युटरपुढं बसला. त्यानं हेल्पर बदलला. टोटल न्हाई, एकेकाचं नाव आन् त्याचंच फॅट. झटक्यात लाल! प्रत्येकाचं फॅट मागच्याच्या नावावर सरकत व्हतं, शेवटच्याचं पहिल्याच्या. टोटल चुकंल कशी?

तसाच पळत सुटला घराकडं. धारा काढायची येळ. गोठ्याच्या दारातनंच ओरडला, "आई, आरतीवहिनी खरी व्हती! तिच्या पुढच्याचं पाणी तिच्या नावावर पडत व्हतं! मी आत्ता डिंभ्याला जातो, पाया पडतो, पण तिला घेऊनच येतो."

सुंदराबाई पाठमोरी व्हती. तिच्या हातातला पाण्याचा तांब्या किटलीवर तसाच थांबला.