मालकांना विचारून

सलाईन शिरेबाहेर गेलं. आक्कांचा हात टम्म सुजला, हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या आणि बोटं बधिर पडली. क्रांती सिस्टरनी सलाईन काढलं आणि म्हणाल्या, "आक्का, बांगड्या वाढवायला लागतील. नाहीतर हात जाईल."

"जाऊ दे की! माझं मालक जित्तं हायत. त्यास्नी इचारल्याबिगर बांगडीला हात लावायचा न्हाय."

हात आक्कांचा, निर्णय मालकांचा. ते दवाखान्याकडं एकदाही फिरकले नव्हते, पण त्यांचा नंबर आक्कांना तोंडपाठ होता. सिस्टरनी फोन लावला आणि सगळं सांगितलं.



पलीकडं बांगड्या किणकिणल्या आणि एक बाई म्हणाली, "थांबा हं, आमच्या ह्यांना विचारून सांगते."