यहूदाचा पिवळा उजेड

फादरांचं प्रवचन सुरू झालं आणि वेदीमागच्या रंगीत काचेतून आलेला पिवळा उजेड मनवेलच्या बाकावर पडला. शेजारची माणसं हळूच सरकली.

काचेवर येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आहे. त्यात येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचा झगा पिवळा. आजवर तो उजेड पडायचा डाव्या रांगेतल्या एका बाकावर, म्हणून तिथे कोणी बसत नसे. गावच्या हातभट्टीवर धाड पडली, त्या रविवारी इनास मिस्साला उशिरा आला आणि मोकळी जागा बघून नेमका तिथेच टेकला. "खबऱ्या कोण, ते काचेनंच दाखवलं," असं तेव्हा पहिल्यांदा मनवेलच म्हणाला होता. इनास अजून त्या बाकावर एकटाच बसतो.

दुरुस्तीला गेलेली काच कालच परत बसवली होती.

"कारागिरानं उलटी बसवलीय," मनवेल कुजबुजला. "डावीकडचा यहूदा उजवीकडे आलाय, बघा ना."

ते आम्हाला दिसत होतं. पण भट्टी बंद पडल्यावर मनवेलच्या भावाचा बार जोरात चालायला लागला, हेही आम्हाला आत्ताच आठवत होतं.

"अरे, नुसता उजेड आहे हा," मनवेल म्हणाला.

इनास उठला आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यापाशी आला. "मीही तेच सांगत होतो. सरक," म्हणाला आणि शेजारी बसला.

पिवळ्या उजेडात दोघं खांद्याला खांदा लावून बसलेले पाहिले आणि आमची खात्रीच पटली. दोघं सामील होते.